पद्मिनीचा अल्टरनेटर फेकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८५ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांच्या वेळची, सध्या साताऱ्यात. मूळचा डायनॅमो (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) कुणीतरी पूर्वीच काढून त्याच कामाचा, नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवलेला. गेल्या पावसाळ्यापासून चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नाही, आणि रात्री हेडलाइट लावले की तो आणखी उजळतो. बोनेटखालून घरघर येते. गाडी आठवडाभर उभी राहिली तर सेल्फ लागत नाही. एका इलेक्ट्रिशियनने बॅटरी बदलायला लावली, फरक शून्य. दुसरा म्हणतो, हा अल्टरनेटर भंगारात द्या आणि जास्त अँपिअरचा मोठा टाका. काय करावं? आणि हेडलाइटला १००/९०चे (अप्परला १००, डिपरला ९० वॉट) बल्ब लावले तर चालतील का?

फेकू नका, निदान एवढ्यात नको. तुमच्या वर्णनात मला एक नाही, तीन वेगवेगळे दोष दिसतात. घरघर बेअरिंगची असणार. आठवड्यात उतरणारी बॅटरी बहुधा अल्टरनेटरमधल्या गळक्या डायोडमुळे (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) उतरतेय. आणि हेडलाइटबरोबर उजळणारा दिवा, माझ्या मते, अल्टरनेटरबद्दल काही सांगतच नाहीये, तो वायरिंगबद्दल सांगतोय. नवा अल्टरनेटर बसवलात तर पहिल्या दोन तक्रारी जातील, तिसरी तशीच राहील, आणि मग 'नवा मालही खराब निघाला' म्हणून तुम्ही दुकानदाराशी भांडायला जाल. चार्जिंगची तक्रार घेऊन आलेल्या गाडीला मी आधी पाना लावत नाही, मीटर लावतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

सुरुवात बॅटरीपासून. नवी आहे म्हणून चांगली आहे असं धरू नका. अर्धवट चार्ज होत राहिलेली नवी बॅटरीही लवकर जाते. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर घाला: भरलेल्या सेलची घनता १.२६५च्या आसपास असते. सहापैकी एकच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर तो सेल गेलाय, आणि पुढचं सगळं मोजमाप तुम्हाला फसवेल. आधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरा, मगच पुढे जा.

आता इंजिन सुरू करा. आयडलिंगला बॅटरीच्या दोन खुंटांवर मोजा, मग रेस वाढवून साधारण २००० फेऱ्यांवर मोजा, मग हेडलाइट लावून पुन्हा. १३.८ ते १४.४च्या दरम्यान आकडा टिकला तर चार्जिंग ठीक. १४.८च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज हद्दीत ठेवणारा भाग) गेला, बॅटरीचं पाणी उकळून कमी होत असणार. हेडलाइट लावल्यावर १३च्या खाली येत असेल तर मात्र लगेच अल्टरनेटरवर शिक्का मारू नका. इथेच बहुतेक जण चुकतात.

त्यासाठी त्या लाल दिव्याचं काम समजून घ्यायला हवं. दिव्याच्या एका टोकाला चावीच्या स्विचमधून बॅटरीचे व्होल्ट येतात, दुसरं टोक अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल पिनेवर जातं. चावी फिरवली की दिव्यातून थोडा करंट रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, जातो, रोटर चुंबक होतो आणि त्यावरच अल्टरनेटर जागा होतो. एकदा तो वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट येतात, म्हणून दिवा विझतो. म्हणजे दिवा चार्जिंग मोजत नाही, दोन टोकांमधला फरक दाखवतो. हा फरक आतल्या डायोडमुळे पडू शकतो, तसाच तो बाहेरच्या गंजलेल्या जोडामुळेही पडतो. अल्टरनेटर त्याच्या बोल्टवर १४.३ व्होल्ट देतोय, पण बॅटरीपर्यंत पोचताना १३.१ उरतायत, तर मधले सव्वा व्होल्ट दिव्याच्या दोन टोकांत दिसतात आणि तो मिणमिणतो. हेडलाइट लावले की त्याच सडक्या जोडातून जास्त करंट धावतो, घसरण वाढते, दिवा आणखी उजळतो. तुमचं वर्णन नेमकं हेच आहे. डायोड गेल्यावरही दिवा असाच वागू शकतो, म्हणून अंदाजावर न राहता मोजायचं.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण कुणी वापरत नाही. मीटर डीसीच्या २ किंवा २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. इंजिन २००० फेऱ्यांवर, हेडलाइट चालू. लाल टोक अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर, म्हणजे जिथून चार्जिंगची जाड वायर निघते तिथे. बोल्टवर म्हणजे खुद्द बोल्टच्या पितळी टोकावर, वायरच्या लगवर (टोकाच्या कडीवर) नाही. काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, तेही शिशाच्या खुंटाच्या मधोमध, क्लँपवर नाही. लग आणि बोल्ट यांच्यामधला गंज पकडायचा असतो, म्हणून ही काटेकोरी. मीटरवर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायर किंवा जोड खराब. मग दुसरा भाग: एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या ॲल्युमिनियमवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. इथे ०.२च्या वर गेलं तर अर्थ, म्हणजे इंजिन-बॉडीतून करंट परतायची वाट, कच्चा.

२० अँपिअर वाहताना १ व्होल्ट पडतोय म्हणजे त्या जोडात २० वॉट उष्णता तयार होतेय. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही वायरच्या इन्शुलेशनशेजारी. लगजवळचा प्लॅस्टिकचा भाग कडक आणि तपकिरी झालेला दिसला तर मीटर लावायच्या आधीच उत्तर मिळालं.

तुमच्या गाडीत हे का झालं असेल तेही सांगतो. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर टाकताना घाईचं काम करणारे डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा जुना कटआउट-रेग्युलेटरचा डबा जागेवरच ठेवतात आणि वायरी त्याच्याच स्क्रूंवर एकत्र पिळून टाकतात. कधी कधी तर करंट अजून त्या डब्यातल्या कॉइलमधूनच फिरत असतो. डायनॅमोची जाड वायर वीसेक अँपिअरच्या हिशेबाने घातलेली. त्यावर चाळीस अँपिअर देऊ शकणारं यंत्र जोडलं आणि वायर तीच राहिली. त्यात आपला पावसाळा. तांब्याच्या तारांवर हिरवट कळंक चढतो आणि तो इन्शुलेशनच्या आत वीतभर गेलेला असतो, बाहेरून काही दिसत नाही. टोक कापून नवीन लग मारायला गेलात आणि आतली तार काळी निघाली तर वायरच बदला. काळ्या तारेला शिसं धरत नाही.

उपाय असा: जुना डबा चार्जिंगच्या वाटेतून पूर्ण काढून टाका. दिसायला हवा असेल तर जागेवर राहू द्या, नुसता रिकामा. बी प्लसपासून १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला, किंवा सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलच्या बॅटरीकडच्या बोल्टला न्या. दीड मीटर लांबीच्या अशा वायरीत ४० अँपिअरला ०.१ व्होल्टच्या आसपास घसरण होते, म्हणजे काहीच नाही. या वायरीला बॅटरीच्या टोकाजवळ ६० अँपिअरचा पट्टी-फ्यूज घाला. अल्टरनेटरच्या टोकाजवळ नाही, बॅटरीजवळ, कारण वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतणार ती बॅटरी. लग हातपक्कडीने चेपू नका. ज्याच्याकडे क्रिंपिंगचं यंत्र आहे त्याच्याकडून दाबून घ्या, वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

अर्थकडे तर कुणाचं लक्षच नसतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी तुटली किंवा रंगाखाली गेली, की करंट परतायची दुसरी वाट शोधतो. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची तार. सेल्फ मारताना चोकची मूठ गरम लागते अशी तक्रार आली की मी थेट ती पट्टी बघतो. बॉडीवर तिची जागा पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. रंगकाम नव्याने केलेल्या गाड्यांत हा दोष हमखास सापडतो, कारण पेंटर अर्थच्या बोल्टांवरही तितक्याच प्रेमाने रंग मारतो.

आता बॅटरी उतरण्याचं. इंजिन बंद, चावी काढलेली, दारं आणि डिकी बंद. बॅटरीचा निगेटिव्ह क्लँप काढा आणि क्लँप व खुंट यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या १० च्या रेंजवर लावा. अशा गाडीत, घड्याळ किंवा स्टिरिओची मेमरी सोडली तर, जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. समजा ०.२ अँपिअर दिसलं. आठवड्याचे १६८ तास, म्हणजे साडेतेहेतीस अँपिअर-तास, म्हणजे या गाडीत साधारण बसते तेवढी अख्खी बॅटरी रिकामी. मग मीटर तसाच ठेवून अल्टरनेटरचा बी प्लस मोकळा करा. मात्र हा बोल्ट जिवंत असतो, म्हणून मीटर लावलेला असताना पाना बॉडीला टेकू देऊ नका. त्यापेक्षा मीटर काढून, बॅटरी सुटी ठेवून बोल्ट सोडवा आणि परत मोजा. आकडा शून्यावर आला तर डायोड उलट्या दिशेने गळतोय. नाही आला तर अल्टरनेटर निर्दोष. डिकीचा दिवा, स्टिरिओ, कुणीतरी बसवलेला अलार्म, यांच्या मागे लागा. गळती मोठी असेल तर मीटरचीही गरज नसते. रात्रभर उभ्या गाडीचं बोनेट सकाळी उघडायचं, इंजिन गार आणि अल्टरनेटर कोमट.

घरघरीसाठी फॅनबेल्ट काढून इंजिन मिनिटभर चालवा. मिनिटभरच, कारण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही आहे. आवाज गेला तर तो अल्टरनेटरचा किंवा पंपाचा. इंजिन बंद करून दोन्ही पुल्या हाताने फिरवा, हलवून बघा. पंपाच्या बेअरिंगचा दोष अल्टरनेटरच्या माथी मारलेला मी पुष्कळदा पाहिलाय. वाळलेलं बेअरिंग खरखरतं आणि हाताला दाणे लागल्यासारखं वाटतं. डायोड शॉर्ट झाला असेल तर आवाज वेगळा, सलग हुंकारासारखा, आणि हेडलाइट लावल्यावर वाढणारा. ती खात्री मीटरनेही होते: इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर डायोड प्लेट गेली.

एवढं करून अल्टरनेटर दोषी ठरला तर मगच पाना. पहिल्यांदा बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, सगळ्यात शेवटी जोडायचा. इंजिन चालू असताना 'चार्जिंग होतंय का बघू' म्हणून बॅटरीची केबल काढायची जुनी खोड डायनॅमोला एक वेळ चालून जात असे. अल्टरनेटरवर तसं केलंत तर क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो. तुमच्यासमोर कुणी हे करायला लागला तर त्याला चहा पाजा आणि गाडी परत घेऊन या. बाकी काढण्यात विशेष काही नाही: वायरींचे फोटो घ्या, ताणाचा बोल्ट सैल, पट्टा बाहेर, खालचा लांब बोल्ट बाहेर. बोल्टाबरोबर वॉशर किंवा बुश कुठल्या बाजूला होते ते लिहून ठेवा. बदललेल्या गाडीत तेच पुली रेषेत ठेवत असतात.

माझा सल्ला: नवा घेण्याआधी हाच उघडा. झिजलेल्या अल्टरनेटरमध्ये झिजतात त्या गोष्टी मोजक्या आहेत: दोन बेअरिंग, रोटरला करंट पोचवणारे दोन कार्बन, ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग, आणि उष्णतेने मरणारे डायोड व रेग्युलेटर. रोटर आणि स्टेटर (रोटरभोवतीचा स्थिर भाग) यांची वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, सहसा टिकतात. उघडण्याआधी पुढच्या आणि मागच्या झाकणावर सेंटर पंचने समोरासमोर खूण करा, नाहीतर बसवताना बोल्टाचा कान भलत्या कोनात येतो. पुलीचा नट सोडवताना रोटरचे लोखंडी दात व्हाइसमध्ये धरू नका, ते वाकले की स्टेटरला घासतात. इम्पॅक्ट गन असेल तर दोन सेकंदांचं काम. नसेल तर जुना फॅनबेल्ट पुलीभोवती गुंडाळून तो व्हाइसमध्ये धरा.

स्लिप रिंगवर नख आडवं फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडलीय. वरवरची काळी छटा असेल तर ६०० नंबरच्या पेपरने रोटर फिरवत पुसून घ्या. खोल खाच असेल तर टर्नरकडे न्या, अगदी हलका कट घ्यायला सांगा, आणि दोन्ही रिंग एकाच सेटिंगमध्ये. मग मीटर ओहमवर: दोन रिंगांमध्ये साधारण ३ ते ५ ओहम दिसायला हवेत, आणि कुठल्याही रिंगपासून शाफ्टपर्यंत काहीच दिसता कामा नये. कार्बन होल्डरच्या बाहेर ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. पण आधी ते होल्डरमध्ये मोकळे सरकतात का बघा. टॅपेट कव्हरच्या गास्केटमधून गळलेलं तेल आणि कार्बनची भुकटी मिळून असा लगदा होतो की कार्बन लांब असूनही रिंगपर्यंत पोचत नाही. यासाठीच इंजिनला डिझेलने वॉश मारून घेणं मला पसंत नाही. धुवायचंच असेल तर अल्टरनेटरला आधी पिशवी बांधा.

डायोड मीटरच्या डायोड-खुणेवर तपासा: एका दिशेला ०.४ ते ०.७, उलट केल्यावर काहीच नाही. दोन्हीकडे आकडा आला तर शॉर्ट, दोन्हीकडे नाही आला तर ओपन. एकेक डायोड बदलायच्या भानगडीत पडू नका, पूर्ण प्लेट मिळत असेल तर तीच घाला. डाग देताना डायोडची दांडी पक्कडीच्या चोचीत धरा म्हणजे उष्णता पक्कडीत जाईल, डायोडमध्ये नाही. स्टेटरच्या तिन्ही फेजा एकमेकींशी जोडलेल्या हव्यात, लोखंडाशी नकोत. वास घ्या. जळक्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तसा आला तर मात्र मी रिवाइंडिंगच्या नादी लागत नाही, दुसरा अल्टरनेटर बघतो.

बेअरिंगचा नंबर जुन्या बेअरिंगवर कोरलेला असतो, तोच न्या. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या, आणि नामांकित कंपनीचं, ओळखीच्या दुकानातून. या धंद्यात नकली डबे सुटलेले आहेत आणि नकली बेअरिंग अल्टरनेटरच्या वेगाला फार दिवस टिकत नाही. ठोकून बसवताना पाइपचा तुकडा योग्य कड्यावर टेकवा: शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर, झाकणात घालताना बाहेरच्या. उलट ठोकलंत तर नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरेल.

हे सगळं ऐकून बदलायचंच ठरवलं, किंवा वाइंडिंग जळलेली निघाली, तर निवड कशी करायची? आपल्याकडे अशा गाड्यांवर मारुती ८०० किंवा ओम्नीचा अल्टरनेटर सर्रास बसवतात, आणि त्यात वाईट काही नाही. आकाराने लहान, रेग्युलेटर आतच, कार्बन-बेअरिंग कुठेही मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पद्मिनी बनत होती कुर्ल्यातच, आणि आता तिचे जुने अवयवही तिथेच मिळतात. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा टॅक्सीतून निघणाऱ्या मालाचा ओघही आता आटणार हे ध्यानात ठेवा. काही जपून ठेवण्यासारखं दिसलं तर घेऊन ठेवा.

मोठ्या अँपिअरच्या आग्रहाबद्दल. गाडीचा लोड मांडू. ६०/५५चे दोन हेडलाइट, डिपरला ११० वॉट. मागचे-पुढचे छोटे दिवे २० ते २५. इग्निशन कॉइल ४०. वायपर ४०-५०. सगळे मिळून सव्वादोनशे वॉट, म्हणजे १४ व्होल्टला १६ अँपिअर. त्यात बॅटरी भरायला दहाएक अँपिअर धरा. ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर भरपूर झाला. एअर कंडिशनर लावलेला असेल तर वेगळी गोष्ट. मोठा अल्टरनेटर बॅटरी जाळतो ही समजूत चूक आहे. व्होल्टेज रेग्युलेटर ठरवतो, आणि करंट लोड ओढेल तेवढाच जातो. पण बॅटरी उतरलेली असताना मोठा अल्टरनेटर एकदम ५०-६० अँपिअर ओतायला लागतो, आणि तुमचा एकेरी व्ही-पट्टा तेव्हा घसरतो, किंचाळतो. ४० अँपिअरलासुद्धा, अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५-६० टक्के धरली तर, पट्ट्यावर सव्वा ते दीड हॉर्सपॉवरचा भार येतो. १०८९ सीसीच्या, चाळीसेक घोड्यांच्या इंजिनाला तो जाणवतो.

पुलीकडे नीट बघा, हा मुद्दा कुणीच विचारत नाही. नव्या अल्टरनेटरवर बारीक धारांच्या पट्ट्याची पुली असते, ती काढून व्हीची बसवावी लागते. शाफ्ट १५ मिलिमीटरचा की १७चा हे मोजल्याशिवाय पुली आणू नका. आणि डायनॅमोची जुनी पुली, बसतेय म्हणून, अल्टरनेटरवर चढवू नका. डायनॅमो फार वेगाने फिरवायचा नसतो, म्हणून त्याची पुली मोठी. अल्टरनेटर क्रँकच्या दुपटीने तरी फिरायला हवा. मोठी पुली लावली तर आयडलिंगला चार्जिंग होत नाही आणि दोष पुन्हा बिचाऱ्या अल्टरनेटरवर येतो. बसवताना क्रँक, पंप आणि अल्टरनेटर या तीन पुल्यांवर सरळ पट्टी धरा. एक-दोन मिलिमीटरचा फरकही पट्ट्याची कड खातो. तो वॉशर घालून किंवा टर्नरकडून बुश करून घालवा. ब्रॅकेट वेल्डिंगने जोडून घेतलेला असेल तर त्याला तडा नाही ना, हे दिव्याच्या उजेडात बघा. कंपनाने तिथेच तुटतो.

वायरी जोडताना: जपानी वळणाच्या अल्टरनेटरला बी बोल्टशिवाय आयजी आणि एल अशा दोन पिना असतात. आयजीला चावीनंतरचे १२ व्होल्ट, एलला दिव्याची वायर. एलला थेट १२ व्होल्ट दिलेत तर आतला आयसी लगेच जळतो आणि दुकानदार तो वॉरंटीत घेत नाही. डी प्लसवाल्या जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला दिव्याचा बल्ब २-३ वॉटचा, तारेचाच हवा. एलईडी टाकला तर त्यातून पुरेसा करंट जात नाही आणि एकदा जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. तुमची फिएट वंशाची गाडी, निगेटिव्ह अर्थची, त्यामुळे तो एक घोळ वाचला. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो आणि तिथे न बघता अल्टरनेटर जोडला की धूर निघतो.

पट्ट्याचा ताण: दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा, १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. ताण देताना पहार मागच्या झाकणावर टेकवू नका, ॲल्युमिनियम तडकतं. पुढच्या झाकणावर, लाकडाचा तुकडा मध्ये घालून. जास्त ताणलात तर नव्या बेअरिंगबरोबर पाण्याचा पंपही जाईल. नवा पट्टा दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सैल होतो, तेव्हा पुन्हा एकदा ताणा.

काही जण म्हणतील, पुन्हा डायनॅमोच बसवा, मूळ गाडी ती. १९६०मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंटवर अल्टरनेटर आणला तो याच कारणासाठी की डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काही देत नाही. खंबाटकी घाटात रात्री ट्रकांच्या मागे, पावसात, वायपर आणि हेडलाइट लावून अर्धा तास रांगत जायचं असेल तर अल्टरनेटरच हवा. मात्र जुना डायनॅमो आणि त्याचा डबा घरात कुठे पडलेला असेल तर विकू नका. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तुमच्या गाडीला अजून अवकाश आहे, पण पुढे प्रदर्शनात न्यावीशी वाटली तर परीक्षक बोनेट उघडतातच.

राहिले १००/९०चे बल्ब. लावू नका. दोन बल्बांचे अप्परला २०० वॉट म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर, आणि ते सगळे त्या जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून जाणार. स्विच वितळेल. उजेड कमी पडतोय तो बल्ब लहान आहे म्हणून नाही, बल्बपर्यंत व्होल्ट पोचत नाहीत म्हणून. हेडलाइटच्या सॉकेटवर, बल्ब पेटलेला असताना मोजा. अशा गाड्यांत तिथे ११ व्होल्टही सापडतात, आणि ११ व्होल्टला हॅलोजन बल्ब १३च्या तुलनेत जेमतेम ५५ ते ६० टक्के उजेड देतो. दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) घ्या, एक अप्परला, एक डिपरला. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूज घालून ४ चौरस मिलिमीटरची वायर, ८७मधून बल्बला, ८६ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थला. हेडलाइटची अर्थही नवीन ओढा. बल्ब ६०/५५चेच राहू द्या.